आडवी पडलेली कवाडं

आता घर बांधतात तेव्हा भिंतीत जागा सोडतात आणि मागाहून त्यात दार बसवतात. आमच्या वेळी तसं नव्हतं. पाया भरला, जोतं वर आलं, की त्या उघड्या जोत्यावर आधी चौकट उभी करायची. चारी बाजूंना काही नाही, वर आभाळ, आणि एका कडेला नुसती चौकट, तिला बांबूचे टेकू. मग तिला धरून भिंत चढवायची. आजूबाजूला सगळं मोकळं असलं तरी माणसं त्या चौकटीतूनच ये-जा करत. चौकट उभी राहिली म्हणजे घर झालं असं धरत. भिंती मागून येतच.

आमची चौकट आली, पण उभी राहिली नाही. वर्षाच्या आसपास ती बांधावरच्या निवडुंगाच्या कडेला पडून होती. त्या वर्षाबद्दल मी घरात कधी बोलले नाही. आता बोलायला त्या वेळचं कोणी राहिलेलंही नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही दुष्काळी माण भागातले. मालक, म्हणजे माझा नवरा, गवंडी. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता आणि तिथे दगडकामाला माणसं लागत होती. आधी ते एकटे आले, मग मला आणि त्यांच्या आईला घेऊन आले. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. सासूला मी आत्याबाई म्हणायची. बुटक्या, काळ्या, पाठ ताठ. दिवसाकाठी चार वाक्यं बोलत आणि त्यातली दोन टोचत.

गावाबाहेर एका शेतकऱ्याची विहीर ढासळली होती. मालकांनी ती सुट्टीच्या दिवशी बांधून दिली, म्हणून त्याने बांधाकडेची घरापुरती जागा आम्हाला दिली. तिथे आधी छपरी घातली. चार मेढी, वर पाचट, तीन बाजूंना तुराट्यांचा कूड, शेणाने सारवलेला. चौथ्या बाजूला गोणपाट. तेच दार.

मार्गशीर्षात घराचा पाया खणायला घेतला. वरची माती काळी होती. काळ्या मातीवर घर टिकत नाही. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ती उपसून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मालक कामावरून येऊन खणत, मी आणि आत्याबाई पाट्या भरून माती बाहेर टाकत असू. मग दगड भरले. जमिनीत जाणाऱ्या, कधी कोणाला न दिसणाऱ्या दगडालाही मालक ओळंबा लावून बघत. मला तो खुळेपणा वाटे आणि मी तसं म्हणायचीही. ते ऐकून घेत आणि पुन्हा ओळंबा सोडत. जोतं गुडघ्याएवढं वर आलं. आत मुरूम टाकून आम्ही दोघींनी धुमसाने ठोकून ठोकून तो बसवला. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. पण मला ते काम आवडत होतं. सासरी आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वर येताना दिसत होतं.

चाकणला एक मुसलमान व्यापारी जुनं लाकूड विकायचा. कुरुळीतलं एक थोराड घर उतरवलं होतं, त्याची चौकट आणि दोन कवाडं त्याच्याकडे आली होती. बैलगाडी घेऊन आम्ही गेलो. मालक कवाडावर बोटाची पेरं आपटून कान लावून ऐकत बसले.

व्यापारी म्हणाला, "राव, वाजवून काय बघताय, मडकं हाय व्हय? सागवान हाय. तुमचा नातू म्हातारा होईल, ही कवाडं न्हाई व्हायची."

"खालची कड भिजलेली दिसतीय."

"कुरुळीचा पाऊस खाल्लाय तिनं. आता पिंपरीचा खाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही कडी वाजवून बघा. घर बाईचं असतं, ह्यांचं काय ऐकता."

मी कडी वाजवली. जाड लोखंडाची, पिळाची कडी होती. आमच्या माहेरी दार म्हणजे काट्यांचा झाप. उचलून लावायचा, उचलून बाजूला ठेवायचा. आतून लावता येईल अशी कडी माझ्या हातात त्याआधी कधी आली नव्हती. परत येताना मी गाडीत त्या कवाडांवर बसून आले आणि वाटभर कडीवर हात ठेवला होता. मला त्या घरात दुसरं काही नको होतं. दार लावून आत बसायचं होतं, एवढंच.

चौकट उभी करायचा दिवस ठरला. त्याच्या आधीच मला कोरड्या उलट्या सुरू झाल्या. आत्याबाईंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या जोत्यावर गेल्या. मालक तिथे उंबऱ्याच्या जागेवर चुन्याने खूण करत होते.

"थांबव," आत्याबाई म्हणाल्या.

"काय थांबवू?"

"समदं. बायकू दिवसात हाय तुझी."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते हसले, आणि मग आईचं तोंड बघून त्यांचं हसू गेलं.

घरात बाई दिवसात असली की पाया खणायचा नाही, चौकट उभी करायची नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही, अशी रीत आहे. अजूनही पुष्कळ घरी पाळतात.

"आये, पाया कवाच भरलाय," मालक म्हणाले. "आता खणायचं कुठं ऱ्हायलंय?"

"चौकट ऱ्हायलीय की. चौकट उभी केली का घरात जीव येतो. एका येळेला दोन जीव येत न्हाईत. एक दुसऱ्याला खातो."

"मी रोज लोकांच्या चौकटी उभ्या करतो. कुणाची बायकू दिवसात हाय ते इचारून करतो काय?"

"ती लोकांची घरं. ह्ये माझं."

मालकांनी थापी खाली ठेवली. त्या दिवसापासून घर थांबलं.

मी भांडले नाही. मलाही भीती वाटत होती. पुढे एकदा ज्वारी निवडताना आत्याबाईंनी आपण होऊन सांगितलं, तेव्हा तर माझं तोंडच बंद झालं. मालकांच्या आधी त्यांना एक झालं होतं. त्या पाचव्या महिन्यात असताना सासऱ्याने परड्याच्या बाजूला भिंत फोडून नवं दार पाडलं होतं.

"ल्योक मेलेला आला," त्या म्हणाल्या. "हातपाय समदे धड. कानाच्या पाळ्या सुदीक. नुसता रडला न्हाई." त्यांचा हात निवडण्यावरून थांबला नाही. एक खडा सापडला तो त्यांनी बाहेर टाकला.

म्हणून मी त्यांना दोष द्यायला बसलेले नाही. त्यांनी ते माझ्या पोटासाठी केलं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असल्याने काही फरक पडत नाही, एवढंच.

जागा ज्या शेतकऱ्याची, त्याची म्हातारी आई ताकाचा तांब्या घेऊन यायची. बोलायला मोठी खट्याळ. उघड्या जोत्यावर मला बसलेली बघून ती म्हणाली, "अगं सुनबाई, किती दिस बसती त्या जोत्यावर? घर काय अंडं हाय का, उबवून बाहीर याया?"

आत्याबाई छपरीतून म्हणाल्या, "उबवू दे. सवताच्याच घरट्यात बसलीय, दुसऱ्याच्या न्हाई."

"दुसऱ्याच्याच की! जागा आमचीच हाय न्हवं?" म्हातारी म्हणाली, आणि दोघी हसल्या. आत्याबाईंना हसताना मी त्या वर्षात तेवढंच पाहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती आणि भावाच्या घरी माणसंच अर्धपोटी होती. तेव्हा जे व्हायचं ते छपरीतच होणार होतं. पाऊस लागला. चौकट बाहेर पाचटाखाली झाकून ठेवली होती. कवाडं मात्र आत आणली, कारण जमीन खालून ओली व्हायला लागली आणि मला भुईवर झोपवेना. चार-चार दगड मांडून त्यांवर दोन्ही कवाडं आडवी टाकली आणि त्यांवर माझं अंथरूण घातलं.

मी आत्याबाईंना विचारलं, "हे चालतं का? कवाडं वापरलेली?"

"आडवं हाय तवर निसतं लाकूड," त्या म्हणाल्या. "उभं ऱ्हायलं म्हंजी दार."

पुढचं गोणपाट सुतळीने बांधलेलं होतं. खिळा ठोकायचा नव्हता ना. पश्चिमेकडून वारा आला की सुतळीची गाठ सुटे आणि गोणपाट आत येऊन फडफडे. मालक पुन्हा बांधत, पुन्हा सुटे. एकदा वैतागून त्यांनी हातात खिळा आणि दगड घेतला. आत्याबाई नुसत्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खिळा खिशात ठेवला.

भाद्रपदात मुलगी झाली. दुसरं कोणी नव्हतं, आत्याबाईंनीच सगळं केलं. कळ आली की मी कवाडाची कडी धरायची. कुठेतरी धरायला हवं असतं. कडी लोखंडाची होती, गार होती, आणि कितीही ओढली तरी निघत नव्हती. मुलगी लगेच रडली. आत्याबाईंनी तिला उलटी-पालटी करून बघितली, कान बघितले, आणि मग खाली बसल्या. म्हणाल्या, "रडली. रडली ग बया." त्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. त्याच हातांनी त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले.

मालक म्हणाले, "आता ठोकू का खिळा?"

"सोयर फिटू दे. बारसं झालं का खिळं ठोक, चौकट उभी कर, माडी चढव."

बारशापर्यंत काही करायचं नव्हतं. थोडक्याच दिवसांचा प्रश्न होता. मालकांनी चौकटीवरचं पाचट काढून ती पुसून ठेवली. कामावरून येताना ते उंबऱ्याखाली ठेवायला एक सारखा, घडीव दगड डोक्यावर घेऊन आले.

मग तो पाऊस आला. त्यात जोर नव्हता, पण वारा फार होता. पाणी आडवं येत होतं. आत्याबाईंनी शेगडी पेटवली तर धूर बाहेर जाईना, आतच घोटाळायचा. शेगडी विझवली तर गारठा. पोरगी आधी शिंकली. मग दूध ओढेना. मग तिचं पोट उडायला लागलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडे. त्याला डबा म्हणत. लहान मुलं त्याने जात, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाईंनी ओवा शेकला, वीट तापवून फडक्यात गुंडाळून ठेवली, छातीला तेल चोळलं. त्यांना जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं.

मालक तिला घोंगडीत घेऊन चिंचवडला डॉक्टरकडे निघाले. वाटेत ओढ्याला वरून पाणी आलं होतं, उतरून जाता येईना. ते परत आले. गोणपाट पुन्हा सुटून आत फडफडत होतं. मालकांनी पोरीला माझ्याजवळ दिलं आणि मला म्हणाले, "सरक." मी एका कवाडावर सरकले. त्यांनी दुसरं उचललं, छपरीच्या तोंडाशी नेलं आणि उभं करून आतून पाठ लावली.

आत्याबाई बघत होत्या. या वेळी त्या आडव्या आल्या नाहीत.

वारा थांबला. एकदम थांबला. शेगडीची ज्योत सरळ झाली. एवढं सोपं होतं ते. आत ऊब यायला लागली, आणि आम्ही तिघं त्या उबेत बसून पोरीकडे बघत राहिलो. तिला त्याचा आता उपयोग नव्हता. उजाडताना ती गेली.

बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नाव नव्हतं. अजूनही नाही. माझ्या मनात एक होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. ओढ्याच्या अलीकडे माळावर पुरलं. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी गेले नाही. पुढे मालकांनी जागा दाखवली होती. आता तिकडे कारखान्यांच्या शेड आणि कंपाऊंडच्या भिंती आहेत, आणि ती जागा कुठली ते मलाही सांगता येणार नाही. दूध मात्र पुष्कळ दिवस येत राहिलं. चोळी भिजायची. मी निवडुंगाच्या मागे जाऊन ते पिळून टाकायची. आत्याबाई दिसल्या की त्या तोंड फिरवायच्या.

सुतक संपल्यावर त्या मालकांना म्हणाल्या, "बांध आता."

मालक म्हणाले, "आता कुणासाठी?"

त्यानंतर कितीतरी दिवस त्या दोघांत बोलणं नव्हतं. मालक कारखान्यावर जात, लोकांच्या भिंती बांधून येत, आणि आमच्या जोत्याकडे पाठ करून जेवत. जोत्यावर गवत उगवलं. दसरा झाला, दिवाळी झाली. शेवटी मीच एके दिवशी विळा घेऊन ते गवत काढलं. मालक आले आणि बघत उभे राहिले. मी म्हटलं, "बांधा. मी ह्या गोणपाटाच्या आत दुसरं मूल जन्माला घालणार नाही."

मार्गशीर्षात चौकट उभी केली. बरोबर एक वर्षाने. चौकटीच्या वरच्या गणेशपट्टीला आंब्याची डहाळी बांधली, उंबऱ्याखाली मालकांनी तो घडीव दगड घातला, मी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. आत्याबाई विधवा, त्यामुळे त्या लांब उभ्या होत्या. मग मालकांनी मला त्या चौकटीतून आत जायला सांगितलं. आत म्हणजे काय, मुरूम आणि आभाळ. मी गेले.

कवाडांवरून मात्र वाद झाला. आत्याबाई म्हणाल्या, "ती चाकणला परत दे, न्हाईतर नदीत सोड. बाळंतिणीच्या रक्ताची लाकडं दाराला लावतं का कुणी? त्याच्यावर ती..." 

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "हीच लावायची. नाहीतर मला दार नको."

 दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि दोन्ही कवाडं मालकांना ओढ्यावर न्यायला लावून घासली. माझ्या मदतीला नाही म्हणाल्या. एकट्या घासत बसल्या होत्या, दुपार टळेपर्यंत.

भिंती हळू चढत होत्या. दगड-मातीचं काम, आणि मालकांना वेळ मिळेल तेवढंच. चैत्रात भिंती खांद्याला आल्या. छप्पर राहिलं होतं, कवाडं टांगायची राहिली होती. आणि माझी पाळी चुकली.

मला एका क्षणात सगळं दिसलं. आता हे कळलं की पुन्हा "थांबव". पुन्हा पाऊस, पुन्हा छपरी, पुन्हा सुतळी. मी कोणाला सांगितलं नाही. मालकांनाही नाही. ते आईपासून काही लपवू शकत नसत.

त्या काळी पाळी आली की बाई चार दिवस बाजूला बसे. वेगळं ताट, वेगळं अंथरूण, कशाला हात लावायचा नाही. एका छपरीत तिघं राहायचो, तेव्हा कोण कधी बाहेर बसलं हे झाकून राहत नसे. म्हणून मी न आलेली पाळी पाळली. वेळ झाली तेव्हा पोतं घेऊन निवडुंगाजवळ जाऊन बसले. कोरडी फडकी ओढ्यावर नेऊन धुतली आणि वाळत घातली. उलटी आली तर बांधापलीकडे जायची. पहिल्या महिन्याला ते निभावलं. भिंती डोक्यावर गेल्या.

दुसऱ्या महिन्याला छपराचं काम निघालं. वासे चढत होते, मी खालून दोर धरत होते, आणि दिवस माझ्या ध्यानात राहिले नाहीत. सकाळी चुलीकडे निघाले तर आत्याबाई आडव्या आल्या.

"कुठं चाललीस?"

"भाकरी टाकते."

"बाहीर बस." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तुझं दिस आल्यात."

मी बाहेर आले. निवडुंगाजवळ पोतं आधीच अंथरलेलं होतं. वर वेगळं ताट, वेगळा तांब्या. त्यांनीच ठेवलं होतं.

मी जाऊन बसले. थोड्या वेळाने शेतकऱ्याची म्हातारी ताक घेऊन आली आणि माझ्याजवळ यायला लागली. आत्याबाई छपरीतून ओरडल्या, "तिला शिवू नगंस. बाहीर बसलीय ती." म्हातारी लांबून गेली. मी मान खाली घालून बसले. आत्याबाई देवाधर्माच्या बाबतीत खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. खोटी शपथ कोणी घेतली तर त्याच्या हातचं पाणी न पिणारी ती बाई. आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

ज्येष्ठात कवाडं टांगली. सुताराने ती चढवून बघितली आणि डोकं हलवलं. "बाई, वर्षभर ओलीवर पडलेली कवाडं ही. पिळवटल्यात. वरून मिटतील, खाली फट ऱ्हाणार. खालची फळी बदलू का?"

मी नको म्हटलं. त्याला ते पटलं नाही. "थंडीत कळंल," म्हणाला. कवाडं मिटली. खाली हात जाईल एवढी फट राहिली. मी आत गेले आणि कडी लावली. मग काढली, पुन्हा लावली. बाहेरून मालक हसून म्हणाले, "अगं, आम्हाला घेणार का न्हाई आत?"

त्याच दिवशी मी त्यांना दिवसांचं सांगितलं. त्यांनी आईला हाक मारून सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं." आणि आपलं अंथरूण उचलून पुन्हा छपरीत गेल्या.

"आये, आत ये की. पाऊस येतोय. घर कुणासाठी बांधलं?"

"तुमच्यासाठी."

"आणि तू?"

"मला भिंतीत कोंडल्यावानी व्हतं."

मालकांना ते खरं वाटलं. मी त्यांच्या मागे छपरीत गेले. म्हटलं, "आत्याबाई, चला."

त्या गोणपाट बांधत होत्या. घराला एवढे खिळे ठोकून झाले होते, तरी त्या सुतळीच बांधत होत्या. म्हणाल्या, "दोन जीव एका येळेला आलं. कुणीतरी बाहीर ऱ्हायला पायजे." मग गाठ ओढून म्हणाल्या, "जा. वारं लागंल."

सगळा पावसाळा त्या छपरीत राहिल्या. पाचट गळायचं. मालकांनी मिनतवाऱ्या केल्या, रागावले, एकदा त्यांचं अंथरूण उचलून आत आणलं. त्यांनी ते मुकाट्याने परत नेलं. जेवायला बोलावलं की उंबऱ्याबाहेर बसत, ताट मी हातात देत असे. शेतकऱ्याची म्हातारी म्हणायची, "सुनेनं सासूला बाहीर काढलं बघा," आणि गावात तसंच पसरलं. मी कोणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

पौषात माझे दिवस भरले. कळा सुरू झाल्यावर त्या उंबरा ओलांडून आत आल्या. आल्या त्या थेट कामाला लागल्या, इकडेतिकडे बघितलंही नाही. दिवस उतरायच्या सुमाराला मुलगा झाला. तो रडला. त्यांनी कान बघितले. नाळ कापली, त्याला पुसला, गुंडाळला, माझ्या कुशीत दिला, जमीन स्वच्छ केली. मग हात धुतले आणि उठल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, आता तरी बसा."

त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी कवाडं ओढून घेतली. थंडी होती, उत्तरेचा वारा सुटला होता, आणि तो कवाडाखालच्या फटीतून भुईलगत सरळ माझ्या अंथरुणापर्यंत येत होता. मी पोराला अंगाखाली ओढत होते तेवढ्यात वारा थांबला.

फटीतून उजेड येत होता तोही गेला. तिथे त्यांचं लुगडं दिसलं. त्या बाहेरून दाराला पाठ लावून बसल्या होत्या, पदर फटीत कोंबून.

"आत्याबाई," मी हाक मारली. "आत या. तुम्हाला गारठा लागेल."

"दूध घेतोय का?"

"घेतोय."

"मग गप पड."

मालक कामावरून आले तेव्हा त्या तिथेच होत्या. ते खूप काही बोलले, मला आतून ऐकू येत होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. सव्वा महिना हे असंच चाललं. दिवस मावळला की येऊन बसायच्या आणि उजाडलं की छपरीत जायच्या. त्या थंडीत त्यांना जो खोकला लागला तो पुन्हा गेला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच खोकल्याने त्या गेल्या. छपरीतच गेल्या.

त्या सव्वा महिन्यात मी आतून कडी कधी लावली नाही. बाहेर त्या टेकलेल्या असताना मला ती लावता येईना. कडी कवाडावर नुसती लोंबत असे. त्या खोकल्या की ती वाजायची.